जुनी मारुती 800 ओढत नाही: दोष इंजिनात, क्लचमध्ये की गिअरबॉक्समध्ये?

"गाडी ओढत नाही" ही एकच तक्रार घेऊन जुनी 800 गॅरेजमध्ये जाते आणि दर वेळी वेगळं काहीतरी बदलून परत येते. आधी प्लग, मग कार्बोरेटरची सर्व्हिस, मग क्लच प्लेट, आणि शेवटी "इंजिनचं काम काढावं लागेल" हा निकाल. महिन्याभरात तक्रार पुन्हा तीच. बसवलेला सुटा भाग खराब निघाला असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा दोष कुठे आहे हे न शोधताच भाग बदललेला असतो.

या गाडीच्या 796 सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाकडे बहुतेक मॉडेलांत मुळात 40 हॉर्सपॉवरसुद्धा पूर्ण नाहीत. त्यातल्या चार-पाच कुठेही सांडल्या की कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या चढाला लगेच कळतं. पण त्या इंजिनात सांडल्या, क्लचमध्ये की चाकाशी, हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून ओळखू येत नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. स्वस्त आणि बाहेरून दिसणारं आधी, इंजिन उघडणं सगळ्यात शेवटी.

खालचं बरंचसं कार्बोरेटरवाल्या गाडीला धरून लिहिलं आहे. एमपीएफआयला (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या नव्या मॉडेलला) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. लागणारी अवजारं थोडी आहेत: मल्टिमीटर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज (भाड्यानं किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मिळतो), जॅक, आणि जॅकवरून गाडी सरकली तर पेलायला भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका.

आधी चाकं मोकळी आहेत का

यात अर्धा तास जातो आणि बऱ्याच गाड्यांचा रोग इथेच सापडतो. ब्रेक फार न लावता पाच-सहा किलोमीटर गाडी चालवा, उतरून चारही रिमांजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथे ब्रेक धरतोय. मग ते चाक उचला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि हातानं फिरवा. पुढचं चाक पॅडला हलकं घासतंच, तो आवाज चालतो. पण दोन्ही हातांचा जोर लावावा लागला तर चालत नाही.

पुढे डिस्क आहे. कॅलिपरच्या पिना सुकतात किंवा पिस्टनला गंज धरतो. कोकणात, समुद्राजवळ उभ्या असणाऱ्या गाड्यांना हे जास्त. चाक धरलेलं असताना कॅलिपरचं ब्लीडर निपल थोडं सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकून राहतोय, म्हणजे ब्रेकचा रबरी होज आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही. निपल उघडूनही चाक धरलेलंच राहिलं तर पिस्टन किंवा पिना. मागे ड्रम आहेत. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनाभर उभी राहिलेली गाडी असेल तर पहिला संशय हँडब्रेकच्या केबलवर घ्या.

त्याच वेळी एक सोपी गोष्ट. इंजिन बंद, एअर फिल्टरचं झाकण काढलेलं, आणि दुसऱ्या कुणाला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा. वरून बघा: चोकची पाती पूर्ण उघडी हवी आणि खालची थ्रॉटलची पाती उभी व्हायला हवी. केबल ताणल्यामुळे किंवा पेडलखाली जाड मॅट सरकल्यामुळे पाती तीन चतुर्थांशच उघडते, आणि त्यावर लोकांनी अख्खा कार्बोरेटर बदलल्याची उदाहरणं कमी नाहीत.

क्लच घसरतोय का

इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग एकत्र चढतात की नाही, हा इथला एकमेव प्रश्न आहे. साध्या 800 मध्ये आरपीएम मीटर नाही, त्यामुळे कानावर भिस्त. मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये 30 च्या वेगानं जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचा आवाज वर पळाला आणि स्पीडोमीटरचा काटा जागीच राहिला, तर क्लच घसरतोय. दोन्ही मिळून हळू हळू चढले, नुसता जोर कमी वाटला, तर क्लच ठीक आहे; इंजिनाकडे वळा.

दुसरी कसोटी उभ्या गाडीवर होते. इंजिन गरम, हँडब्रेक घट्ट, पाय ब्रेकवर, समोर मोकळी जागा. टॉप गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच नेहमीच्या वेगानं सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. दोन-तीन सेकंद चालत राहिलं तर प्लेट गेली. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर चांगली प्लेटही जळेल.

प्लेट बदलायच्या आधी पेडलचा मोकळा खेळ बघा. हातानं दाबल्यावर साधारण दोन सेंटिमीटर पेडल विनाविरोध जायला हवं. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो, आणि शून्य झाला की रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटवर टेकून राहतं. मग प्लेटला अजून आयुष्य असूनही ती घसरते. गिअरबॉक्सच्या बाजूच्या लिव्हरवरची ॲडजस्टमेंट नट सैल केली की पाच मिनिटांत प्रश्न सुटतो, अर्थात लवकर लक्षात आलं तर.

क्लच प्लेट वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गेली असेल तर प्लेटला दोष देऊ नका. बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या खोळीच्या) तळाशी बोट फिरवून बघा. काळं, जळकट वासाचं तेल म्हणजे क्रँकचं मागचं ऑइल सील. उग्र, लसणासारख्या वासाचं तेल म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. गिअरबॉक्स एकदा उतरवला की ही दोन्ही सीलं आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बदला. सामानापेक्षा उतरवायची मजुरी मोठी असते. फ्लायव्हीलवर निळे जळके डाग किंवा बारीक तडे असतील तर तोंड मारून (पृष्ठभाग सपाट करून) घेतल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नका.

क्लचची केबल कडक झाली, आतली लायनिंग वितळली, आणि नवी टाकल्यावर सहा महिन्यांत तीच गत, असं असेल तर केबलचा काहीच दोष नाही. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली किंवा तुटली की स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधतो, आणि क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. केबल तापते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या कोऱ्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. 0.3 व्होल्टच्या आत हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी बदला, दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज घासून काढा. याच अर्थमुळे इग्निशनही कमजोर पडतं, म्हणजे इंजिन आणि क्लच असे दोन वेगळे वाटणारे आजार एका पट्टीतून येतात.

इंजिन: मिसिंग मारतंय का

तीन सिलिंडरांतलं एक मेलं (त्यात पेट्रोल जळेनासं झालं, यालाच मिसिंग म्हणतात) की ताकद तिसऱ्या हिश्शानं जाते आणि गाडी उभ्या जागी थरथरते, त्यामुळे शोधणं सोपं आहे. इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा. इन्सुलेटेड पकडीनं एकेका प्लगची वायर काढा आणि काढलेली वायर लगेच ब्लॉकजवळ धरा, मोकळी लटकू देऊ नका; इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल मोकळ्या स्पार्कनं जातं. जी वायर काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. एमपीएफआय गाडीत हे फार वेळ करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं.

आता त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्यात टाका. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग, नाही सरकला तर तीच अदलाबदल वायरीची करा. प्लगचा गॅप 0.7 ते 0.8 मि.मी. फायरिंग ऑर्डर 1-3-2 आहे आणि एक नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूनं मोजायचा. वायरी उलट्या बसल्यामुळे मिसिंग मारणाऱ्या गाड्याही येतात. रात्री अंधारात बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर फुटलेल्या जागी निळ्या ठिणग्या दिसतात. फक्त पावसाळी सकाळी त्रास आणि ऊन पडल्यावर ठीक, असं असेल तर डिस्ट्रिब्युटर कॅप काढून आत बघा. पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर कॅप बदला, ती पुसून जात नाही.

पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर स्पार्क चालणाऱ्या) जुन्या मॉडेलमध्ये पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मि.मी. ठेवा. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग आपोआप मागे जातं. म्हणूनच पॉइंट लावल्यावर गाडी छान ओढते आणि तीन-चार हजार किलोमीटरनंतर पुन्हा ढिली पडते. कॅमला ग्रीसचा अगदी पातळ हात दिला तर टाच टिकते. पॉइंट वारंवार काळे जळत असतील तर कंडेन्सर बदला. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तोंडानं ओढा: आतली प्लेट हलायला हवी आणि नळीचं टोक जिभेनं बंद ठेवलं तर तिथेच थांबायला हवी. परत आली तर डायफ्रॅम फाटला आहे; अशी गाडी पेट्रोल जास्त खाते आणि अर्ध्या ॲक्सिलरेटरला मंद वाटते.

स्पार्क ठीक असूनही सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन घ्या. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची बारीक वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पाच-सहा फेऱ्या सेल्फ. एकट्या आकड्यापेक्षा तीन आकड्यांतला फरक जास्त बोलतो. एक बाकी दोघांपेक्षा 15 टक्क्यांहून खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, साधारण 5 मिलिलिटर, इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चांगला वर आला तर रिंग. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन्ही खाली असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे उडालेली असते. व्हॉल्व्हला दोष देण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, तपासा. थंड इंजिनावर सुमारे 0.15 मि.मी. फट हवी. गॅस किट बसवलेल्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, टॅपेटची फट नाहीशी होते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. असा व्हॉल्व्ह वेळेत ॲडजस्ट केला तर वाचतो, दुर्लक्ष केलं तर जळतो. तिन्ही आकडे सारखेच खाली असतील तर टायमिंग बेल्ट दाताभर सरकला आहे का, खुणा जुळतात का, ते आधी बघा.

धुराचं थोडक्यात. काळा म्हणजे पेट्रोल जास्त: चोक अडकलेला, फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बिघडलेला, घाण एअर फिल्टर. महाबळेश्वर 1350 मीटरवर आहे, तिथे हवा विरळ असल्यानं कार्बोरेटरची गाडी थोडी काळी मारते आणि जोर कमी लागतो. तो दोष नाही, तिथे जेट बदलायला बसू नका. निळा धूर सकाळी पहिल्या स्टार्टला, किंवा गिअरमध्ये लांब उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिल्यावर भसकन येत असेल तर व्हॉल्व्हची सीलं. चढावर जोर लावताना सतत येत असेल तर रिंग. पांढरा, गाडी गरम झाल्यावरही न थांबणारा, आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय: हेड गॅस्केट. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर खात्रीच.

हेड गॅस्केट दुसऱ्यांदा उडत असेल तर कारण कूलिंगमध्ये असतं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की नळ्यांत क्षार बसतात; डिस्टिल्ड पाण्यात कूलंट मिसळून वापरा. आणि "आपल्याकडे गरज नाही" म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवा. त्याच्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतो. भांड्यात पाणी तापवून तो सुमारे 82 अंशांला उघडतो का हे घरी बघता येतं. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाल्यावर चालू होते

एप्रिल-मेमधली ही ठरलेली तक्रार, आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते म्हणून ती सापडत नाही. तपासणी गाडी बंद पडली त्याच जागी करायला हवी.

पहिलं काम, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज झाला आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं भोक बुजलं आहे. तसं नसेल तर एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रॉटलचा लिव्हर हातानं ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे, रोग इग्निशनमध्ये शोधा. धार नसेल तर पेट्रोल पोचत नाही.

धार नाही: पेट्रोल पंपावर आणि त्याच्या नळीवर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा. नंतर गाडी सुरू झाली तर नळीत वाफ अडकत होती. नळी सायलेन्सरच्या पाइपजवळून गेली असेल तर लांबून न्या. फरक पडला नाही तर फिल्टर, मग पंपाचा डायफ्रॅम. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर डायफ्रॅम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. पंपाबरोबर ऑइलही ताबडतोब बदला. त्या पातळ ऑइलवर चालवली तर बेअरिंग जातात.

धार आहे: फिल्टर आधी झाकून घ्या, सांडलेलं पेट्रोल पुसा, आणि कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीनं ब्लॉकपासून 6 मि.मी. वर धरून सेल्फ मारायला सांगा. कडकडीत निळी ठिणगी हवी. पिवळी, बारीक किंवा शून्य असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. कॉइल गरम असतानाच मोजा: प्रायमरी साधारण 1 ते 3 ओहम, सेकंडरी 8 ते 15 किलोओहम. थंड झाल्यावर मोजली तर तीच कॉइल निर्दोष दिसते, आणि इथेच बहुतेक जण फसतात. रेस दिली की चालते आणि पाय काढला की बंद, असं असेल तर कार्बोरेटरवरचा आयडलिंगचा सोलेनॉइड बघा; चावी ऑन केल्यावर त्याचा टिक आवाज यायला हवा.

एमपीएफआयमध्ये चावी ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी, आणि चेक इंजिनचा दिवा लागून गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. तो कधीच लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढून ठेवलाय. आधी तो बसवा.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या, फ्लोटची सील आणि पंपाचा डायफ्रॅम त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. इथेनॉल टाकीतली जुनी घाणही सोडवून आणतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बुजतो. त्यातला ऑक्सिजन कार्बोरेटरचं मिश्रण पातळ करतो (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं), आणि कार्बोरेटर ते स्वतः सुधारू शकत नाही. प्लगचं टोक पांढरंफटक दिसतंय आणि गाडी आधीपेक्षा अडखळतेय, तर मिश्रण किंचित घट्ट करून घ्या. गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल साठवू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं.

गिअर पडत नाही, निसटतो, आवाज करतो

गिअरबॉक्स उघडायच्या आधी ठरवा की क्लच पूर्ण सुटतोय का. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी पितळी कडी) नसते, त्यामुळे ती खरं सांगते. इतकं थांबूनही खर्रकन आवाज आला तर क्लच धरून ठेवतोय: केबल ताणली आहे, प्लेट वाकली आहे किंवा तेलानं चिकटते. रिव्हर्स गुपचूप पडला आणि चालत्या गाडीत फक्त दुसरा गिअर टाकताना खर्र होत असेल तर दुसऱ्याची सिंक्रो रिंग झिजली आहे.

गिअर निसटत असेल तर पहिले बाहेरचे संशयित: इंजिनचं फाउंडेशन (इंजिन बॉडीवर टेकवणारी रबरी बैठक) आणि गिअर रॉडचे बुश. बॉनेट उघडा, हँडब्रेक लावा, समोर कुणी उभं नको, आणि पहिल्या व रिव्हर्स गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडून बघा. इंजिन दोन बोटांपेक्षा जास्त उसळलं तर फाउंडेशनचं रबर फाटलं आहे. तेच रॉडला ओढून गिअर बाहेर काढतं.

आवाजावरून बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबल्यावर बंद: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच सुरू: रिलीज बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक: बाहेरचा सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा), बहुधा त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस गेलेलं. वेगाबरोबर वाढणारी आणि गाडी एका बाजूला वळवल्यावर बदलणारी घुमघुम म्हणजे चाकाचं बेअरिंग. यासाठी गिअरबॉक्स उघडलेला आढळतो, म्हणून ते आधी तपासा.

गिअर ऑइल बदलताना आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते बघा, मगच खालचा ड्रेन उघडा. नाहीतर रिकामा गिअरबॉक्स आणि न सुटणारा बोल्ट अशी पंचाईत होते. ऑइल जीएल-4 दर्जाचं घ्या. ट्रकच्या डिफरन्शियलसाठीचं जीएल-5 पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाही आणि गिअर आणखी जड पडतात. पातळी भोकाच्या कडेला लागेपर्यंत, गाडी सपाट जमिनीवर असताना. काढलेलं जुनं ऑइल पांढऱ्या थाळीत ओता आणि ड्रेन बोल्टवर काय चिकटलंय ते बोटानं चोळून बघा. राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप नेहमीचाच. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रो रिंगांचं पितळ. गाडी चालेल, पण काम जवळ आलं आहे. चपटा, कडक पोलादी तुकडा हाताला लागला तर दात किंवा बेअरिंग तुटलं आहे. अशी गाडी चालवत नेऊ नका, पुढची चाकं उचलून टो करून न्या, म्हणजे गिअरबॉक्स फिरणार नाही.